बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते?

‘रासायनिक बंध तुटला की त्यात साठलेली ऊर्जा मोकळी होते’ हे वाक्य वर्षानुवर्षे फिरतंय. खरं तर बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते; ती बाहेर पडते बंध जुळताना. गैरसमज स्वाभाविक आहे, कारण जळताना उष्णता जाणवते, नवे बंध दिसत नाहीत.

बंधऊर्जेच्या, म्हणजे कोणता बंध तोडायला किती ऊर्जा लागते याच्या, तक्त्यावरून स्वतः पडताळा घ्या. हायड्रोजनचे २ मोल (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक, प्रचंड संख्या) आणि ऑक्सिजनचा १ मोल घेऊ; ते जळून पाण्याची वाफ होते. हायड्रोजनचे दोन (प्रत्येकी ४३६) आणि ऑक्सिजनचा एक (४९८) बंध तोडायला २ × ४३६ + ४९८ = १३७० किलोज्यूल लागतात. वाफेचे चार ओ–एच (ऑक्सिजन–हायड्रोजन) बंध जुळताना ४ × ४६३ = १८५२ मिळतात. शिल्लक ४८२, तीच उष्णता. इथे हमखास चूक होते: पाण्याचे रेणू दोन, प्रत्येकात बंध दोन, म्हणून चार मोजायचे. दोनच धरले तर उत्तराचं चिन्हच उलटतं.

हे मिश्रण ठिणगीविना शांत राहतं, कारण सुरुवातीचे बंध सैल करायलाही ऊर्जा लागतेच.