मतदारमान्य स्थानिक विक्रीकर (कॅलिफोर्निया)

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात शहरे व कौंट्या (जिल्ह्यासारखे विभाग) आपल्या हद्दीतील किरकोळ विक्रीवर, राज्यभर लागू असलेल्या मूळ विक्रीकराशिवाय, मतदारांच्या संमतीने जो जादा कर बसवतात तो. कायद्यात त्याला ‘व्यवहार व वापर कर’ म्हणतात. जकातीसारखा तो नाक्यावर वसूल होत नाही. दुकानदार तो बिलात लावून राज्याच्या कर खात्याकडे भरतो. खाते वसुलीचा खर्च कापून घेते आणि उरलेली रक्कम शहराच्या तिजोरीत जमा करते. पोलीस, अग्निशमन, ग्रंथालये, उद्याने, रस्त्यांची डागडुजी असे खर्च त्यातून भागवले जातात.

राज्यभराचा किमान दर १ जानेवारी २०१७ पासून ७.२५ टक्के आहे. त्यातील ६ टक्के राज्याकडील निरनिराळ्या निधींत, १ टक्का शहराला (शहराच्या हद्दीबाहेर कौंटीला) आणि पाव टक्का कौंटीच्या वाहतूक निधीला जातो. हा १ टक्का १९५५ च्या ब्रॅडली-बर्न्स कायद्याने ठरवून दिला. त्याआधी शहरे आपापल्या दराने कर लावत आणि वसुलीही आपणच करत. १९५५ नंतर दर व वसुली एकसारखी झाली, पण शहरांना स्वतःचा दर वाढवण्याची मोकळीक उरली नाही. स्थानिक जादा कर या मूळ दराच्या वर, टक्क्याच्या आठव्या हिश्श्याच्या (०.१२५ टक्के) पटीत बसतो.

मतदारांना विचारून विक्रीकर लावण्याची प्रथा केव्हा सुरू झाली याबद्दल एकमत नाही. बहुतेक वर्णने जून १९७८ मध्ये संमत झालेल्या प्रपोझिशन १३ (प्रपोझिशन म्हणजे राज्यभरच्या मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) पासून सुरुवात करतात. या घटनादुरुस्तीने मालमत्ता कर मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर आणला आणि घर विकले जाईपर्यंत मूल्यांकनातील वाढ वर्षाला २ टक्क्यांवर रोखली. स्थानिक संस्थांचे मालमत्ता कराचे उत्पन्न निम्म्याहून अधिक घटले. त्याच दुरुस्तीच्या कलम ४ ने शहरे, कौंट्या व विशेष जिल्ह्यांच्या (एखाद्या ठरावीक कामापुरत्या स्थानिक संस्थांच्या) ‘विशेष करां’ना दोन-तृतीयांश मतदारांची संमती आवश्यक केली. दुसरे मत प्रथा त्याहून जुनी मानते आणि पुरावा त्या बाजूला अधिक आहे. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी सार्वजनिक वाहतुकीसाठीचा अर्ध्या टक्क्याचा विक्रीकर १९६८ मध्येच फेटाळला होता. जादा कराची कायदेशीर चौकट १९६९ मध्ये तयार झाली आणि सांता क्लारा कौंटीने १९७६ मध्ये, म्हणजे प्रपोझिशन १३ च्या दोन वर्षे आधी, बससेवेसाठी असा कर मतदानाने स्वीकारला. मतदानाची रीत वाहतुकीच्या निधीतून आली आणि १९७८ नंतर, मालमत्ता कर आटल्यावर, ती शहरांच्या रोजच्या कारभारात शिरली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. बहुतेक शहरांना मात्र २००३ पर्यंत विधिमंडळाकडून वेगळी परवानगी घ्यावी लागे. त्या वर्षीच्या कायद्याने ती अट काढून टाकली.

सर्वसाधारण आणि विशेष कर : या कराविषयीचे बहुतेक सगळे न्यायालयीन वाद एकाच भेदाभोवती फिरतात. १९८२ च्या फॅरेल खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘विशेष कर’ म्हणजे ठरावीक कामासाठी राखून ठेवलेला कर असा अर्थ लावला. उत्पन्न सामान्य निधीत जात असेल तर दोन-तृतीयांशाची अट लागू होत नाही. त्याच वर्षी लॉस एंजेलिस कौंटीच्या वाहतूक आयोगाचा, सुमारे ५४ टक्के मतांनी १९८० मध्ये संमत झालेला कर न्यायालयाने वैध ठरवला, कारण आयोगाला मालमत्ता कर लावण्याचा अधिकार नसल्याने तो कलम ४ मधील ‘विशेष जिल्हा’ ठरत नव्हता. ही पळवाट १९९१ मधील रायडर खटल्याने बऱ्याच अंशी बुजवली. प्रपोझिशन ६२ (१९८६) ने सर्वसाधारण करालाही साध्या बहुमताची अट घातली. हा कायदा न्यायालयांत अडखळत राहिला आणि १९९५ च्या ग्वार्डिनो निकालाने तो वैध ठरला. नोव्हेंबर १९९६ मध्ये प्रपोझिशन २१८ ने दोन्ही अटी घटनेतच घातल्या. सर्वसाधारण कर साध्या बहुमताने, पण नगर परिषदेच्या सदस्यांच्या निवडणुकीबरोबरच. परिषदेने एकमताने आणीबाणी जाहीर केली तरच अपवाद.

परिणामी शहरांपुढे दोन वाटा उरल्या. पैसा पोलिसांसाठीच किंवा ग्रंथालयासाठीच, असे कायद्याने बांधून द्यायचे असेल तर दोन-तृतीयांश मते मिळवावी लागतात. निम्म्याहून एक जादा मत पुरेसे हवे असेल तर पैसा कशासाठी वापरणार याचे बंधनकारक वचन देता येत नाही. यातून जोडप्रस्तावाची युक्ती निघाली : एक प्रस्ताव सर्वसाधारण कराचा, दुसरा ‘हा पैसा अमुक कामांवर खर्चावा का’ असे विचारणारा, केवळ सल्लादायी. सांता क्लारा कौंटीने १९९६ मध्ये ती वापरली आणि १९९८ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केली. मतदाराच्या दृष्टीने हा भेद फार मोलाचा आहे, कारण सल्लादायी प्रस्ताव पुढच्या नगर परिषदेला बांधत नाही. प्रचाराच्या पत्रकांत तो क्वचितच ठळकपणे येतो. अशा करांवर नेमली जाणारी नागरिक देखरेख समितीही हिशेब तपासू शकते, पण खर्चाची दिशा बदलणे तिच्या हातात नसते.

स्टॉकटन : सान ह्वाकीन कौंटीतील या शहरात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. २००४ मध्ये मेझर डब्ल्यू (मेझर म्हणजे स्थानिक मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) हा पाव टक्क्याचा विशेष कर पोलीस व अग्निशमनासाठी संमत झाला. जून २०१२ मध्ये शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यावेळेपर्यंत अमेरिकेत एवढ्या मोठ्या शहराने असा अर्ज केला नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये मेझर ए हा पाऊण टक्क्याचा सर्वसाधारण कर आणि सोबत मेझर बी हा सल्लादायी प्रस्ताव मतदारांपुढे ठेवला गेला : ६५ टक्के रक्कम पोलीस व गुन्हे प्रतिबंधासाठी, ३५ टक्के दिवाळखोरीतून बाहेर पडण्यासाठी व इतर सेवा सावरण्यासाठी. कर १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये शहर दिवाळखोरीतून बाहेर पडले. २०१६ मध्ये ग्रंथालये व मनोरंजन केंद्रांसाठी मेझर एम या पाव टक्क्याच्या विशेष कराची भर पडली. म्हणजे स्टॉकटनच्या दुकानात १०० डॉलरची वस्तू घेतली, तर ७.२५ डॉलर मूळ कर, ५० सेंट कौंटीच्या रस्त्यांसाठीच्या मेझर के चे आणि १.२५ डॉलर शहराच्या तीन करांचे, असे एकूण ९ डॉलर बिलात वाढतात.

कोणत्या शहराला किती : मूळ १ टक्का विक्री जिथे झाली त्या शहराला मिळतो, जादा कर माल जिथे पोचतो त्या ठिकाणाचा लागतो. वाहनांसाठी नोंदणीचा पत्ता धरतात. स्टॉकटनच्या रहिवाशाने शेजारच्या लोडाय शहरातून मोटार घेतली, तर १ टक्का लोडायला जातो, पण जादा कर स्टॉकटनच्या दराने भरावा लागतो व स्टॉकटनलाच मिळतो. मूळ १ टक्क्याच्या या नियमामुळे शहरे घरांपेक्षा मोटारविक्रेते व मोठी दुकाने आपल्या हद्दीत यावीत म्हणून धडपडतात, ही टीका जुनी आणि रास्त आहे. जादा कराचा नियम त्या मानाने न्याय्य म्हणावा लागेल. ऑनलाइन खरेदीबाबत, राज्यात दुकान नसलेल्या विक्रेत्यालाही कर गोळा करायला लावता येतो असे ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या वेफेअर निकालानंतर राज्याने नियम बदलले. एप्रिल २०१९ पासून, राज्यात वर्षाला ५ लाख डॉलरपेक्षा अधिक विक्री करणाऱ्या विक्रेत्याने सर्वच ठिकाणचा जादा कर गोळा करायचा असतो.

किराणा मालातील बहुतेक खाद्यपदार्थ आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषधे करमुक्त आहेत. गरम शिजवलेले अन्न नाही. तरीही कमी उत्पन्नाच्या कुटुंबावर हा बोजा तुलनेने अधिक पडतो. बहुतेक सेवा कराबाहेर असल्याने लोकांचा खर्च वस्तूंकडून सेवांकडे वळत जातो तसा कराचा पायाही आक्रसतो.

मतपत्रिकेवर प्रत्येक प्रस्तावाचे शीर्षक ७५ शब्दांच्या आत बसवावे लागते आणि त्यात दर, मुदत व वार्षिक उत्पन्नाचा अंदाज सांगावा लागतो. नगर परिषदेने प्रस्ताव ठेवायचा तर तिच्या दोन-तृतीयांश सदस्यांचा होकार लागतो. नोव्हेंबरमध्ये संमत झालेला कर सहसा पुढच्या १ एप्रिलला लागू होतो.

नागरिकांचे प्रस्ताव : नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेल्या करप्रस्तावाला नगर परिषदेवरील सर्व अटी लागू होतात का, हा प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अपलँड निकालाने पुन्हा उघडला. फ्रेझ्नो शहरात २०१८ मध्ये उद्यानांसाठीच्या ०.३७५ टक्के कराला (मेझर पी) सुमारे ५२ टक्के मते पडली. दोन-तृतीयांश न मिळाल्याने तो पडला असे शहराने धरले. अपील न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये, नागरिकांच्या प्रस्तावाला साधे बहुमत पुरते, म्हणून तो संमत ठरवला आणि जुलै २०२१ पासून वसुली सुरू झाली. ही वाट बंद करू पाहणारी एक राज्यव्यापी घटनादुरुस्ती जून २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकेवरून काढून टाकली.

एका ठिकाणच्या सर्व जादा करांची बेरीज सर्वसाधारणपणे २ टक्क्यांवर जाऊ शकत नाही, मात्र विधिमंडळाने अनेक कौंट्या व शहरांना स्वतंत्र कायद्यांनी यातून सूट दिली आहे.