पाणथळीत भरतीचं पाणी परत आणायचंय? अर्ज कुठे, कसा आणि कशासह

‘पाणथळ वाचवा’ एवढंच लिहिलेला अर्ज सरकारी टेबलावर सुखाने पडून राहतो. खाडीकाठची पाणथळ मरते ती बहुतेक वेळा पाण्याची वाट बुजल्यामुळे. मोरीत, म्हणजे रस्त्याखालून किंवा भरावाखालून काढलेल्या पाण्याच्या वाटेत, गाळ बसतो, पाइपावर भराव पडतो, झडप गंजून अडकते. 2024 मध्ये नवी मुंबईतल्या नेरुळच्या डीपीएस तलावाकाठी फ्लेमिंगो मेले, तेव्हाही बोट गेलं ते भरतीचं पाणी आत येण्याच्या बंद वाटांकडेच. पुढे 2025 मध्ये हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला राज्य वन्यजीव मंडळाने मंजुरी दिली. म्हणून अर्ज पाण्याच्या तोंडाबद्दल करा.

आधी एक गैरसमज. नदीच्या किंवा धरणाच्या पाण्याचा हक्क ही वेगळी गोष्ट. उल्हास नदीला उन्हाळ्यात पाणी दिसतं ते बऱ्याच अंशी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेलं असतं. त्याचं वाटप पाटबंधारे खातं आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरण यांच्या कक्षेत येतं. खाडीच्या भरतीला असा कोटा नसतो. तिथे मागणी एकच करायची, प्रवाह पूर्ववत करा.

अर्ज कोणीही नागरिक करू शकतो. जमीन तुमच्या नावावर असण्याची गरज नाही, वकीलही लागत नाही. कोळीवाड्यातली मच्छीमार सोसायटी सोबत असेल तर फार उत्तम. 2017 च्या पाणथळ नियमांनुसार एखादी जागा अधिसूचित करताना जो संक्षिप्त दस्तऐवज बनतो, त्यात पूर्वापार हक्कांची नोंद घ्यावी लागते. जाळी कुठे लागायची, हे मच्छीमारांइतकं नेमकं कोण सांगणार? मात्र हे नियम रामसर स्थळांना, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतल्या जागांना, आणि अधिसूचित पाणथळींना लागू होतात. सीआरझेडमधल्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्रातल्या, जागा त्यांच्याबाहेर ठेवल्या आहेत. ठाणे खाडी 2022 पासून रामसर यादीत आहे, पण तुमचं तळं त्या हद्दीत येतं का, ते नकाशावर पाहा. सीआरझेडमध्ये असेल तर आधार घ्यायचा तो पर्यावरण संरक्षण कायदा, 1986 चा.

अर्ज विभागीय आयुक्त, कोकण विभाग, कोकण भवन, सीबीडी बेलापूर यांच्या नावे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेली पाणथळ तक्रार निवारण समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली आहे. प्रती द्यायच्या जिल्हाधिकारी, वन खात्याचा कांदळवन कक्ष, राज्य किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरण आणि जमिनीचा मालक यांना. बेलापूर ते दिघा ठाणे जिल्ह्यात. उरण, पनवेल, खारघर रायगडमध्ये, म्हणजे प्रत अलिबागला. हे चुकलं की कागद महिनाभर फिरत राहतो.

कागदांत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, किनारपट्टी व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशाची प्रत, जुन्या-नव्या उपग्रह चित्रांचे प्रिंट आणि ओळखपत्र. पण खरा जोर फोटोंवर द्या. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, भरतीच्या तक्त्यातली वेळ बघून, एकाच जागी उभं राहून मोरीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. त्याच दिवशी ओहोटीलाही तेच. खाडीकडे पाणी मोरीच्या छताला टेकलंय आणि तळ्याकडची बाजू कोरडी, असे दोन फोटो शेजारी ठेवले की पानभर मजकूर लिहायची गरज उरत नाही. स्थळनिर्देशांक आणि वेळ फोटोवर हवी.

मागणी अशी लिहा: ‘सदर मोरीचे तोंड कांदळवनास धक्का न लावता मोकळे करून भरती-ओहोटीचा प्रवाह पूर्ववत करावा, संयुक्त स्थळपाहणी भरतीच्या वेळी करावी, पंचनाम्याची प्रत अर्जदारास द्यावी.’ यातलं ‘भरतीच्या वेळी’ गाळू नका. पाहणी कार्यालयाच्या सोयीने होते, आणि ओहोटीला तर प्रत्येक मोरी कोरडीच दिसते. ‘धक्का न लावता’ हेही महत्त्वाचं, कारण 2018 च्या निकालानुसार सार्वजनिक कामासाठीसुद्धा कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. तिवरं तोडावी लागणारी सफाई मागितली की काम तिथेच अडतं. शिवाय ‘तळं भरा’ असं मागू नका. पाणी कायम तुंबलं तर चिखल उघडा पडत नाही, आणि फ्लेमिंगोंना उथळ पाणी नि चिखलच लागतो.

आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. हालचाल दिसली नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका आणि टिपणी, पाहणी अहवाल, बैठकीचं इतिवृत्त मागा. उत्तराची मुदत 30 दिवस.

तेही निष्फळ ठरलं तर राष्ट्रीय हरित लवादाचं पुणे खंडपीठ. इथे लवादाच्या कायद्यातलं कलम नीट निवडा. कलम 14 खाली वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, पर्यावरण पूर्ववत करण्यासाठीच्या कलम 15 खाली पाच वर्षं मिळतात. दोन्हीकडे सबळ कारण दाखवलं तर आणखी 60 दिवस. भरपाई मागत नसाल तर शुल्क एक हजार रुपये.