सार्वजनिक जागा सगळ्यांच्या कशा होत गेल्या

‘सार्वजनिक’ या शब्दात सगळे जण येतात, पण चौक, बागा आणि रस्ते सगळ्यांचे कधीच नव्हते. दक्षिण आफ्रिकेत तर १९५३ च्या कायद्याने बाक, समुद्रकिनारे, बसगाड्या वर्णानुसार वाटून टाकल्या होत्या. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. कागदावर अशी बंदी नसलेल्या शहरांतही अनेकांना बाहेर ठेवलं जात होतं, फक्त ते डोळ्यांवर येत नव्हतं.

शहर सुरक्षित कशाने होतं, याला १९६१ मध्ये शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी उत्तर दिलं. रस्त्यावर वर्दळ असेल, दुकानं उघडी असतील, खिडक्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर असेल, तर अनोळखी माणसंही एकमेकांना सांभाळतात. १९७२ मध्ये वास्तुरचनाकार ऑस्कर न्यूमन यांनी भर दिला तो रहिवाशांना आपल्या परिसराबद्दल मालकीची भावना वाटण्यावर. त्यातलं तथ्य मान्य करूनही मला वाटतं, कुंपणं आणि फाटकं वाढवण्याची वाट तिथूनच सोपी झाली. ‘आपलं’ ठरलं की कुणीतरी ‘परकं’ ठरतंच.

खरी कलाटणी दिली ती ज्यांना त्रास होत होता त्यांनी. इंग्लंडच्या उत्तर भागात स्त्रियांचे खून होत होते आणि अंधार पडल्यावर बाहेर पडू नका, असा सल्ला स्त्रियांनाच मिळत होता. १२ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री लीड्ससह अनेक शहरांत स्त्रिया मोर्चाने रस्त्यावर उतरल्या. गुन्हा दुसऱ्याचा आणि घरात बसायचं आम्ही, हे त्यांना मान्य नव्हतं.

पुढे टोरांटोत १९८९ मध्ये स्त्रियांच्या सुरक्षा पाहणीची पद्धत तयार झाली. चार-सहा जणी रात्री प्रश्नावली घेऊन निघायच्या. दिवा कुठे झाडामागे गेलाय? या कोपऱ्यावरून हाक मारली तर ऐकू जाईल का? पळायचं झालं तर कुठे? नकाशावर कधीच न दिसणाऱ्या गोष्टी अशा नोंदवल्या गेल्या. १९९१ पासून तिथल्या बसमधून एकट्या बाईला रात्री दोन थांब्यांच्या मध्ये उतरण्याची सोय मिळाली.

व्हिएन्नाचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत दिसेनाशा होतात, हे तिथे नव्वदच्या दशकात लक्षात आलं. मोकळं मैदान म्हणजे फुटबॉल, म्हणजे मुलगे. मुली भांडत नव्हत्या, नुसत्या यायच्या बंद होत होत्या. १९९९ मध्ये दोन बागांची रचना बदलली: पायवाटा उजळल्या, मोठ्या मैदानाचे छोटे भाग झाले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा मिळाली. मुली परतल्या.

अपंगांचा लढा याच काळातला. जपानमधल्या ओकायामात १९६७ मध्ये पायाला जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या फरशा अंधांसाठी बसवल्या गेल्या. अमेरिकेतल्या बर्कलीत व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी सत्तरच्या दशकात पदपथाच्या कडेला उतार करून घेतले. पदपथाची कडा जेमतेम वीतभर असते, पण व्हीलचेअरवरच्या माणसाचा रस्ता तिथेच संपतो. त्या उतारांवरून मग बाबागाड्याही जाऊ लागल्या, चाकांच्या बॅगाही.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत सुरक्षित आणि सर्वसमावेशक सार्वजनिक जागांचा स्वतंत्र उल्लेख आला. २०३० पर्यंत त्या सगळ्यांना मिळाव्यात, विशेषतः स्त्रिया, मुलं, वृद्ध आणि अपंगांना, असं ते लक्ष्य सांगतं. बेघरांचं नाव त्या यादीत नाही. कुणी आडवं होऊ नये म्हणून मधोमध दांडा ठोकलेले बाक शहरांत आजही बसवले जातात.