दुभाष्या स्वतःच न्यावा लागतो?

स्पॅनिश भाषकांमध्ये वर्षानुवर्षं फिरणारा समज: अमेरिकेत डॉक्टरकडे जाताना इंग्रजी येणारं कुणीतरी, निदान शाळकरी पोर तरी, सोबत हवंच, दुभाष्या मागितला तर बिलात भर पडते.

समज कुठून आला ते कळतं. घरोघरी मुलंच आईवडिलांची पत्रं वाचून दाखवतात. पण नियम वेगळा आहे. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना 1964 च्या नागरी हक्क कायद्यानुसार भाषेची सोय करावी लागते. 2010 च्या आरोग्य कायद्याने ती आणखी पक्की केली. मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना, घेणारी रुग्णालयं यात येतात. दुभाष्या फुकट, फोनवर किंवा व्हिडिओवरही चालतो. अल्पवयीन मुलाकडून भाषांतर फक्त जिवावर बेतलं असेल आणि दुभाष्या लगेच मिळत नसेल तरच.

कारण उघड आहे. छोटा चमचा 5 मिलि, मोठा 15. मुलाने दोन्हीला नुसतं 'चमचा' म्हटलं की डोस तिप्पट होऊ शकतो. शिवाय आई पाळीबद्दल मुलासमोर बोलतच नाही.

पडताळायचं तर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा: दुभाष्या मिळेल ना, पैसे पडतील का? भाषा नोंदवून घ्या. तिथेही एक गफलत होते: मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशातून आलेल्या काहींची मातृभाषा तिथल्या मूळ रहिवाशांची, माया कुळातली असते, तरी फॉर्मवर 'स्पॅनिश' पडतं. निघताना डोस आपल्या शब्दांत परत सांगा, दुभाष्याकडून तपासून घ्या.

अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांनाही हाच नियम लागू; तो स्पॅनिशपुरता नाही.