मत्स्यटाकीतील तळाचा थर बदलणे

मत्स्यटाकीच्या तळाशी पसरलेली वाळू, खडी किंवा वनस्पतींसाठीची माती काढून तिच्या जागी नवा थर घालणे, मात्र त्यात माशांना इजा होऊ न देणे, अशी ही देखभालीची प्रक्रिया आहे. यात माशांचा जीव जातो तो गढूळ पाण्यामुळे क्वचितच. खरे धोके दोन असतात: अमोनियाचे विघटन करणारे जिवाणू कमी होणे आणि जुन्या थरात कोंडलेली घाण व वायू एकदम पाण्यात मिसळणे.

माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून आलेल्या अमोनियाचे जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी विषारी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू मोकळ्या पाण्यात जवळजवळ नसतात. ते फिल्टरचा स्पंज, खडी, दगड अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात. त्यामुळे ‘जुने पाणी ठेवले म्हणजे जिवाणू राहिले’ ही समजूत चुकीची आहे. जुने पाणी जपायचे ते पीएच, कठीणपणा व तापमान यांत अचानक फरक पडू नये म्हणून. थराखालून पाणी ओढणारा अंडरग्रॅव्हल फिल्टर असेल तर खडी हाच फिल्टर असतो. अशा टाकीत आधी स्पंज फिल्टर बसवून तो महिना-दीड महिना चालू द्यावा आणि मगच खडीला हात लावावा.

नव्या थराचा अंदाज घेण्यासाठी लांबी, रुंदी व थराची जाडी सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागावे. उत्तर लिटरमध्ये मिळते. ६० × ३० सेंमी टाकीत ५ सेंमी थरासाठी ९ लिटर, म्हणजे साधारण १३ ते १४ किलो वाळू लागते. ती थोडी थोडी बादलीत घेऊन पाणी नितळ येईपर्यंत धुवावी, साबण वापरू नये. खड्यांवर व्हिनेगर टाकून बुडबुडे आले तर त्यांत चुना आहे. असे खडे पाण्याचा कठीणपणा व पीएच वाढवतात. कोरिडोरससारख्या तळ उकरणाऱ्या माशांना धारदार खडी चालत नाही, त्यांच्या मिशा झिजतात. वनस्पतींसाठीची सुपीक माती मात्र धुवायची नसते, आणि तिच्यातील काही प्रकार सुरुवातीचे काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडतात. तेवढ्या काळासाठी मासे दुसऱ्या टाकीत ठेवणेच शहाणपणाचे.

थर पातळ आणि स्वच्छ असेल तर मासे आत ठेवूनही काम होते: दर एक-दोन आठवड्यांनी एक तृतीयांश भाग रुंद नळीने सायफन करून काढावा. थर जाड, जुना, काळा पडलेला किंवा सडक्या अंड्यासारखा वास येणारा असेल तर मासे बाहेर काढलेच पाहिजेत. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि हा वायू माशांना अल्प प्रमाणातही मारक ठरतो.

मासे हलवण्याआधी २४ तास खाद्य बंद ठेवावे. साबण कधीही न लागलेल्या, झाकणाच्या बादलीत टाकीचेच पाणी घेऊन एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला जोडलेला, हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र खडा) सोडावा. पाणी उपसण्यापूर्वी हीटर बंद करावा, उघडा पडलेला तापता हीटर तडकतो. चालू फिल्टर त्याच बादलीत लावावा. बंद फिल्टरमधील ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि जिवाणू मरू लागतात. त्या दिवशी स्पंज धुवू नये. ते काम दोन आठवडे पुढे ढकलावे. मासे आधी पकडू नयेत: झाडे, लाकूड, दगड काढून पाणी खाली आणले की पळापळ न होता ते हाती येतात.

थर काढल्यावर तळाचा गाळही उपसावा. नवी वाळू पसरून तिच्यावर ताटली ठेवावी आणि पाणी ताटलीवर हळू ओतावे. नळाचे पाणी घालताना त्यातील क्लोरीन काढणारे द्रावण वापरावे. तापमानातील फरक एक-दोन अंशांपेक्षा जास्त नको. जुनी खडी दुर्गंधीमुक्त असेल तर मूठ-दोन मूठ नायलॉनच्या पिशवीत बांधून तीन-चार आठवडे टाकीत ठेवावी. तिच्यावरचे जिवाणू नव्या थरावर पसरतात.

पुढचे दोन आठवडे अमोनिया व नायट्राइट रोज तपासावे, खाद्य पहिला आठवडा निम्मेच द्यावे. दोन्ही शून्य हवेत. आढळल्यास लगेच २५ ते ५० टक्के पाणी बदलावे. पीएचकडेही लक्ष हवे: एकूण अमोनिया तेवढाच असला तरी २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ वर त्याचा विषारी भाग सुमारे ०.६ टक्के, तर पीएच ८ वर ५ टक्क्यांहून अधिक असतो. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले तर एअर पंपाचा जोर वाढवावा आणि चाचणी करावी. दोन-तीन दिवसांनी पाणी दुधट झाले तर ती बहुधा पाण्यात मोकळे तरंगणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या जिवाणूंची तात्पुरती वाढ असते. ते ऑक्सिजन खातात, म्हणून हवा वाढवावी. टाकी पुन्हा रिकामी करून धुतल्यास नुकतीच बसू लागलेली घडी विस्कटते.