आधी तुमची ओळख सांगा, मग माझा पासवर्ड

सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी वायफायचा पासवर्ड छापून भिंतीवरच लावलेला असतो. सगळ्यांना एकच. फोनवर नेटवर्कच्या नावाशेजारी कुलपाचं चिन्ह दिसतं आणि मुलं निर्धास्त होतात, की कुलूप आहे म्हणजे आपलं कुणी काही वाचू शकत नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलाकडे त्याच कुलपाची तीच किल्ली आहे, हे कुणी लक्षातच घेत नाही.

घरगुती वायफायच्या डब्ल्यूपीए२ पद्धतीत पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन एक गणिती क्रिया ४०९६ वेळा करतात. त्यातून २५६ बिटांची मूळ किल्ली निघते. पासवर्ड सगळ्यांचा एक, नेटवर्कचं नाव एक, म्हणून मूळ किल्लीही सगळ्यांची एकच. तुमचा फोन जोडला जाताना तो आणि अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारं यंत्र) एकेक यादृच्छिक आकडा एकमेकांना पाठवतात आणि मूळ किल्लीत ते आकडे मिसळून त्या जोडणीपुरती किल्ली बनवतात. पण हे आकडे हवेतून उघडे जातात. भिंतीवरचा पासवर्ड ज्याला माहीत आहे आणि ज्याने तो क्षण टिपला, त्याला तुमची किल्ली स्वतः काढता येते. बँकेची किंवा मेलची साइट वर स्वतःचं एन्क्रिप्शन चढवते, त्यामुळे तुमचे पैसे लगेच जाणार नाहीत. तरी तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे बरंचसं कळतं. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए३ ने ही फट बुजवली. एक अडचण मात्र त्यातही राहतेच. एक मुलगा अभ्यासिका सोडून गेला, की त्याचा प्रवेश बंद करायला शंभर जणांचा पासवर्ड बदलावा लागतो.

नेटवर्कचं नाव लपवलं की सुरक्षा वाढते, असं सांगणारे बरेच भेटतात. ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. नाव लपवलं की ते शोधायला तुमचा फोनच जाईल तिथे त्या नावाने हाका मारत सुटतो, आणि ऐकणाऱ्याला नाव आयतं मिळतं. ‘मिलिटरी ग्रेड सुरक्षा’ असं खोक्यावर छापलेल्या राउटरबद्दलही माझं मत फारसं वेगळं नाही. आत कोणती पद्धत वापरली आहे ते सांगा, विशेषणं नकोत.

हिंजवडीतल्या कंपन्यांत किंवा विद्यापीठाच्या आवारात वायफाय वेगळं वागतं. तिथे प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. नोकरी सोडली की त्या एकाच माणसाचं खातं बंद होतं, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. यामागे जी संवादपद्धत आहे तिचं नाव एक्स्टेन्सिबल ऑथेंटिकेशन प्रोटोकॉल, थोडक्यात ईएपी. ती वायफायसाठी जन्मलीच नव्हती. मोडेम किर्रर्र करत फोनलाइनवर इंटरनेट जोडायचा त्या काळात, १९९८ साली, तिचा पहिला मसुदा आला. २००१ मध्ये ८०२.१एक्स या मानकाने ती ऑफिसातल्या केबलच्या नेटवर्कवर आणली, तिथून ती वायफायवर पोचली. आज चालतो तो सुधारित मसुदा २००४ चा आहे.

पंचवीस वर्षांहून जुनी गोष्ट अजून टिकली, कारण ती स्वतः जवळजवळ काहीच करत नाही. तिच्यात मुळात चारच प्रकारचे निरोप आहेत: विचारणा, उत्तर, यश आणि अपयश. विचारणा आणि उत्तराला एक क्रमांक जोडलेला असतो आणि तो सांगतो, की ओळख कोणत्या पद्धतीने पटवायची. १३ म्हणजे टीएलएस, बँकेची साइट जे एन्क्रिप्शन चढवते तेच; २३ म्हणजे सिमकार्डची एकेए; २५ म्हणजे पीप, टीएलएसच्या आडोशाने पासवर्ड पटवणारी पद्धत. सर्व्हरने सुचवलेली पद्धत फोनला येत नसेल तर फोन ३ क्रमांकाचा नकार पाठवतो आणि आपल्याला चालणारी पद्धत सांगतो. उद्या नवी पद्धत निघाली तर तिला नवा क्रमांक द्यायचा, झालं. मधल्या यंत्रांना हात लावावा लागत नाही.

हे मधलं यंत्र म्हणजे छताला लटकलेला अ‍ॅक्सेस पॉइंट. त्याचं काम सोसायटीच्या वॉचमनसारखं आहे. पाहुणा गेटवर आला की वॉचमन इंटरकॉमवरून वर विचारतो, ‘सोडू का?’ वरून हो आलं की फाटक उघडतो. पाहुणा आणि घरमालक आपसात काय बोलले, कोणत्या खुणेने ओळख पटली, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. तसंच अ‍ॅक्सेस पॉइंट फोनचे निरोप उचलून आत बसलेल्या, ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरकडे देतो आणि तिथली उत्तरं फोनला आणून देतो. निर्णय होईपर्यंत फोनचं दुसरं काहीही तो आत जाऊ देत नाही. तुमचा पासवर्ड त्याला कळत नाही, कळायची गरजही नाही. छतावरचं यंत्र कुणी चोरून नेलं तरी त्यात एकाही कर्मचाऱ्याचा पासवर्ड सापडणार नाही.

आता फोन आणि सर्व्हर नेमकं काय बोलतात तिकडे वळू. मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटणारा भाग इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दोघांमध्ये आधी काहीही ठरलेलं नाही. सगळं बोलणं हवेतून जातं, कुणीही ऐकू शकतं. तरीही शेवटी दोघांकडे एकच गुप्त आकडा तयार होतो आणि ऐकणाऱ्याला तो कळत नाही. १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ही युक्ती प्रसिद्ध केली.

लहान आकडे घेऊन करून पाहा. दोन आकडे सगळ्यांना माहीत: मूळ संख्या १७ आणि आधार ३. फोन मनात ६ धरतो. ३ चा सहावा घात ७२९, त्याला १७ ने भागलं की बाकी १५. फोन हे १५ उघडपणे पाठवतो. सर्व्हर मनात १० धरतो. ३ चा दहावा घात ५९०४९, १७ ने भागून बाकी ८. सर्व्हर ८ पाठवतो. आता फोन आलेल्या ८ चा आपला सहावा घात काढतो, २६२१४४, आणि १७ ने भागल्यावर बाकी उरते ४. सर्व्हर आलेल्या १५ चा आपला दहावा घात काढतो, ५७६६५०३९०६२५, १७ ने भागल्यावर बाकी तीच, ४. दोघांनी एकाच संख्येचे, म्हणजे ३ चे, दोन घात वेगवेगळ्या क्रमाने काढले. सहाचा दहा किंवा दहाचा सहा, शेवटी साठावाच घात. ऐकणाऱ्याकडे १७, ३, १५ आणि ८ आहेत. त्याला ६ किंवा १० शोधायचा आहे. इथे तो सगळे आकडे तपासून शोधेल. पण मूळ संख्या सहाशे-सातशे अंकी असली, तर बाकीवरून घात उलटा काढायची झटपट रीत आजच्या संगणकांसाठी कुणाला सापडलेली नाही. हल्ली याच कल्पनेचं लंबवर्तुळी वक्रांवरचं रूप जास्त वापरतात, पण गाभा हाच.

या सामाईक आकड्यातून टीएलएसची गुप्त किल्ली तयार होते. त्या किल्लीवर आणखी एक प्रक्रिया करून ६४ बाइटांचा एक तुकडा काढतात. फोन तो स्वतः काढतो, सर्व्हरही स्वतः काढतो, आणि फोन-सर्व्हरच्या बोलण्यात तो एकदाही हवेतून जात नाही. ओळख पटली की सर्व्हर हा तुकडा आतल्या तारेवरून अ‍ॅक्सेस पॉइंटला देतो. त्यातले पहिले ३२ बाइट म्हणजे वर सांगितलेली २५६ बिटांची मूळ किल्ली. अभ्यासिकेत जी शंभर जणांची एकच होती, ती इथे प्रत्येकाची वेगळी आणि दर वेळी ओळख पटवताना नवी. म्हणूनच ‘यश’ हा निरोप जेमतेम चार बाइटांचा आणि उघडा असला तरी चालतो. तो खोटा पाठवणं कुणालाही जमेल. पण किल्ली नसेल तर पुढचं एक पाऊलही पडत नाही.

सर्व्हर आणि अ‍ॅक्सेस पॉइंटमधल्या रेडियसच्या बोलण्यातली एक जुनी कमजोरी जुलै २०२४ मध्ये संशोधकांनी उघड केली. एमडी५ या म्हाताऱ्या गणिताचा फायदा घेऊन सर्व्हरचा नकार होकारात बदलता येत होता. ईएपी वापरणारे त्यातून वाचले, कारण ईएपी वाहून नेणाऱ्या प्रत्येक रेडियस निरोपावर वेगळी शिक्कामोर्तब खूण सक्तीची आहे.

आता खरा प्रश्न. सामाईक आकडा तयार झाला, पण कोणाबरोबर? डिफी-हेलमन याचं उत्तर देत नाही. समोर चोर असेल तर त्याच्याशीही तितकाच उत्तम गुप्त बोगदा तयार होतो. म्हणून टीएलएसमध्ये सर्व्हरला आपलं सर्टिफिकेट, म्हणजे एखाद्या संस्थेने दिलेलं डिजिटल ओळखपत्र, दाखवावं लागतं आणि त्या सर्टिफिकेटशी जोडलेल्या गुप्त किल्लीने सही करावी लागते. फोनने ती तपासायची, आणि पटली तरच बोगद्यातून पासवर्ड द्यायचा. ईएपी-टीएलएस या कडक पद्धतीत फोनकडेही सर्टिफिकेट असतं आणि पासवर्ड लागतच नाही. माझ्या मते शक्य असेल तिथे हीच वापरावी.

पण बहुतेक ठिकाणी पीप असतं, आणि पीपमध्ये घात होतो तो एका खिडकीत. अँड्रॉइड फोनवर असं नेटवर्क निवडलं की एक फॉर्म उघडतो: ईएपी पद्धत, फेज २ (बोगद्याच्या आत पासवर्ड पटवायची रीत), सीए सर्टिफिकेट (ओळखपत्र देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट), डोमेन, ओळख, अनामिक ओळख, पासवर्ड. सीए सर्टिफिकेटच्या रकान्यात ‘तपासू नका’ असा पर्याय असायचा. पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर वायफाय जोडायची रीत लावली होती, त्यात तिसरी पायरी ठळक अक्षरांत हीच होती. अशी सूचना देणाऱ्याला जोडणी पटकन व्हायला हवी असते, हे मी समजू शकतो. पण त्या एका पर्यायाने वरचं सगळं गणित पाण्यात जातं.

काय होतं ते पाहा. कुणीतरी कॉलेजबाहेरच्या टपरीवर लॅपटॉप घेऊन बसतो आणि त्याच नावाचं नेटवर्क उभं करतो. नावाला मालकी नसते, ते कुणीही ठेवू शकतो. तुमचा फोन खिशातल्या खिशात त्याला जोडायला जातो, सर्टिफिकेट न तपासता बोगदा बांधतो आणि चोराच्या आव्हानाला एमएस-चॅप-व्ही२ पद्धतीने उत्तर देतो. पासवर्ड थेट जात नाही हे खरं. पण या पद्धतीत पासवर्डपासून बनलेल्या १६ बाइटांचे ७, ७ आणि २ असे तुकडे पाडून डीईएस या जुन्या एन्क्रिप्शनच्या तीन किल्ल्या करतात. शेवटची तर दोन बाइटांचीच, ती चुटकीसरशी सापडते. २०१२ साली डेफ कॉन परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी दाखवून दिलं, की उरलेलं काम एकच डीईएस किल्ली शोधण्याइतकं आहे, मग पासवर्ड कितीही लांब असो. फेज २ मध्ये पासवर्ड उघडाच पाठवणारी पद्धत निवडलेली असेल तर तेवढेही कष्ट नाहीत, पासवर्ड जसाच्या तसा चोराकडे पोचतो.

ब्राउझरमध्ये हे आपोआप तपासलं जातं, मग इथे का नाही, असं कुणी विचारेल. ब्राउझरला तुम्ही पत्ता देता, तो सर्टिफिकेटवरच्या नावाशी ताडून बघतो. वायफायच्या नावाचा कोणत्याही सर्टिफिकेटशी संबंध नसतो. त्यामुळे कोणत्या सर्व्हरची अपेक्षा आहे हे फोनला आधी सांगावंच लागतं. नुसतं ‘मान्यताप्राप्त सर्टिफिकेट’ एवढंच ताडलं तर चोरही आपल्या स्वतःच्या डोमेनचं एक रीतसर मिळवून आणेल. म्हणून डोमेनचा रकाना महत्त्वाचा.

सिमकार्डवाल्यांनी हा धडा फार आधी घेतला. २जी मध्ये फक्त सिम आपली ओळख पटवायचं, टॉवर नाही, आणि खोट्या टॉवरांचं फावलं. ३जी पासून सिमही नेटवर्कची परीक्षा घेऊ लागलं. तीच रीत एकेए या नावाने ईएपीत आली. जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात रेंज नसताना घरच्या वायफायवरून तुमचा फोन लागतो, तेव्हा फोन आणि मोबाइल कंपनी एकमेकांना ईएपी-एकेएनेच ओळखतात. ५जी मध्येही तिची सुधारित आवृत्ती आहे.

एज्युरोम हे विद्यापीठांचं जगभरचं वायफाय याच पायावर उभं आहे. भारतात ते अर्नेट चालवतं. इथल्या सदस्य संस्थेची विद्यार्थिनी बर्लिनच्या विद्यापीठात गेली, की तिचा फोन तिथल्या अ‍ॅक्सेस पॉइंटला फक्त अनामिक ओळख आणि संस्थेचं डोमेन सांगतो. त्या डोमेनवरून निरोप देशोदेशीच्या रेडियस सर्व्हरमधून पुण्यापर्यंत येतो, बोगदा तिच्या फोनपासून थेट पुण्यातल्या सर्व्हरपर्यंत बांधला जातो, आणि बर्लिनला शेवटी हो किंवा नाही, आणि हो असेल तर किल्ली, एवढंच मिळतं. पासवर्ड तिथे कुणी पाहत नाही. अर्थात तिच्या फोनवर सर्टिफिकेटची तपासणी चालू असली तरच.

२०२० च्या अखेरीस अँड्रॉइड ११ च्या एका सुधारणेत गूगलने ‘तपासू नका’ हा पर्याय काढायला सुरुवात केली, तेव्हा अनेक ठिकाणी आरडाओरडा झाला. मला तो निर्णय योग्य वाटतो. नव्या फोनांवर पहिल्या जोडणीला सर्टिफिकेट दाखवून ‘विश्वास ठेवायचा का?’ असं विचारतात आणि पुढे तेच धरून चालतात. त्यामुळे पहिली जोडणी कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या आतच करा, बाहेरच्या टपरीवर नको. त्याआधी आयटी विभागाकडून तीन गोष्टी लिहून घ्या: सर्व्हरचं पूर्ण डोमेन, सर्टिफिकेट कोणत्या संस्थेने दिलंय ते, आणि त्याचा ठसा, म्हणजे अक्षरं-आकड्यांची ती लांबलचक ओळ. स्क्रीनवरची ओळ कागदावरच्या ओळीशी जुळली नाही तर जोडू नका. आणि वर्षाकाठी सर्टिफिकेट बदललं की फोन पुन्हा विचारेल, तेव्हाही नवा ठसा आयटीवाल्यांकडूनच घ्या, शेजाऱ्याने ‘हो म्हण, काही होत नाही’ म्हटलं म्हणून नको.