नकाशा नसलेली जहाजं: शिडाच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींची पार्श्वभूमी

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं एक जहाज रंगवलेलं आहे. त्यात मालाचे रांजण ओळीनं मांडलेले दिसतात. पाचव्या शतकात या भागावर वत्सगुल्मच्या वाकाटकांची सत्ता होती. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. समुद्र इथून कितीतरी लांब, तरी चित्रकाराला जहाज ठाऊक होतं. त्या चित्रावरून २०२३ साली सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स कंपनी यांनी खरं जहाज बांधायचं ठरवलं, तेव्हा पहिली अडचण बांधणीच्या नकाशाचीच आली. चित्रावरून आकार ठरवावा लागला, छोटी प्रतिकृती करून आयआयटी मद्रासमध्ये ती पाण्यात तपासली गेली, आणि फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवून काढल्या. मे २०२५ मध्ये ‘कौंडिण्य’ नावानं ते जहाज कारवारला नौदलात आलं.

आधी प्रतिकृती, मग जहाज, किंवा नकाशा नाही म्हणून प्रतिकृती: जहाजांच्या प्रतिकृती करण्याच्या छंदाचं मूळ इथेच आहे. शोभेची वस्तू म्हणून त्याच्याकडे पाहणं त्याच्यावर अन्याय आहे.

सगळ्यात जुन्या प्रतिकृती थडग्यांतल्या. इजिप्तमधल्या मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली लाकडी नावांचा ताफाच सापडला. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या या नावांवर वल्हेकरीसुद्धा बसलेले आहेत. युरोपात पुढे खलाशी नवस फेडायला चर्चमध्ये जहाज टांगू लागले. कातालोनियातलं पंधराव्या शतकातलं असं एक जहाज आज रॉटरडॅमच्या संग्रहालयात आहे, आणि त्या काळच्या जहाजबांधणीचा अभ्यास करणारे अजून त्याच्याकडेच वळतात.

आज आपण जे करतो त्याची शिस्त मात्र सतराव्या शतकातल्या इंग्लंडची. तिथल्या ‘नेव्ही बोर्ड’, म्हणजे आरमाराच्या कचेरीच्या, मॉडेलांत जहाजाच्या खालच्या भागाला फळ्या मुद्दाम लावत नसत, म्हणजे आतल्या बरगड्या उघड्या दिसत. प्रमाण १:४८, कारण फुटाला पाव इंच धरला की हिशेब सोपा होतो. तेच प्रमाण अजून वापरात आहे. सॅम्युएल पेप्स हा अधिकारी त्या कचेरीत आला तेव्हा त्याला जहाजाचं काहीच कळत नव्हतं. १६६२ मध्ये तो एका जाणत्या खलाशाकडून मॉडेलवर बोट ठेवून एकेक दोर शिकला. नंतर नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडच्या छावण्यांतल्या फ्रेंच कैद्यांनी जेवणातली हाडं तासून जहाजं केली आणि बाजारात विकली. त्यांची कारागिरी थक्क करते, पण मापं अंदाजानं घेतलेली असतात. ती पाहून मापं काढू नयेत.

मुंबईचा वाटा यात मोठा. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्यानं सागवानी जहाजांचं नाव केलं. हे सागवान मुख्यतः मलबारकडचं. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ आज इंग्लंडच्या हार्टलपूलमध्ये पाहायला मिळतं. त्याचे नकाशे घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज १८१२ मध्ये अमेरिकी नौदलानं लढाईत पकडलं, म्हणून नकाशे पुन्हा पाठवावे लागले.

आंग्र्यांच्या गुराबेचा, म्हणजे त्यांच्या लढाऊ जहाजाचा, तर नकाशाच हाती नाही. इतिहासकार रॉबर्ट ऑर्मचं वर्णन मात्र कामाचं आहे: तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंत, लांबीच्या मानानं रुंद, पाण्यात कमी बुडणारी, पुढे लांब चोच, आणि त्या चोचीवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. गुराब करणाऱ्यानं कोणती मापं वर्णनातली आणि कोणती आपल्या अंदाजाची, हे कागदावर लिहून प्रतिकृतीसोबत ठेवावं. ते न केल्यानं पुढचा माणूस अंदाजालाच पुरावा समजतो.

विसाव्या शतकात छापील आराखडे आणि तयार किट आले. डेन्मार्कची बिलिंग बोट्स १९५८ ची. किटमध्ये प्लायवूडचा कणा, त्यात बसणारे आडवे छेद, म्हणजे जहाजाच्या घेराच्या आकाराचे तुकडे, आणि वर फळ्यांचे दोन थर. इथे बहुतेकांचं एकच चुकतं: फळी आहे त्या रुंदीनं नाळेपर्यंत, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापर्यंत, नेतात. मधल्या छेदाचा घेर मोठा, नाळेजवळ लहान. म्हणून दोन्हीकडचा घेर कागदाच्या पट्टीनं मोजून, फळ्यांच्या संख्येनं भागून, प्रत्येक फळी पुढे निमुळती करावी. फळी निम्म्याहून अरुंद होत असेल, तर तिला आधीच थांबवून दोन फळ्यांच्या जागी एक घ्यावी. निमुळती न केलेली फळी वर चढते, कडेनं उचलते, आणि ती कड घासून जात नाही.

किटातली अक्रोडाची पातळ पट्टी आपल्याकडे सहज मिळणार नाही, पण तिची गरजही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुलं जे लाकडी बैल मिरवतात, ते घडवणाऱ्या वाढयाचा, म्हणजे सुताराचा, हात या कामाला पुरेसा बारीक आहे. लाकूड निवडताना मात्र आलापल्ली-बल्लारशाच्या सागवानाचा मोह आवरावा. त्याची रेषा ठसठशीत आणि छिद्रं मोठी. १:६४ च्या फळीवर ती खऱ्या आकारात वीतभर भेगांसारखी दिसतात. सागात तेलही असतं, म्हणून चिकटवण्याआधी स्पिरिटनं पुसलं नाही तर फेव्हिकॉल धरत नाही. त्यापेक्षा हळदू घ्यावा: पिवळसर, एकसारखा, बारीक पोताचा. पूर्वी त्याच्या फण्या आणि गिरण्यांच्या बॉबिन करत. काळ्या पट्ट्यांना टेंभुर्णीचा गाभा. फळ्यांतल्या खुंट्यांना बांबू, कारण त्याचा तंतू सरळ चिरतो. १:४८ ला इंचभर खुंटी म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची. पत्र्याच्या भोकांतून एकापेक्षा एक बारीक करत ओढली की ती हवी तेवढी होते. लाकूड जुन्या घराच्या मोडीतलं असेल तर उत्तम. ते वाळून स्थिरावलेलं असतं.

आपल्या विदर्भातल्या हवेची गोष्ट परदेशी पुस्तकांत नसते. मे महिन्यात पंचेचाळीस अंश आणि कोरडी हवा, मृग लागला की सगळं दमट. श्रावणात चिकटवलेल्या फळ्यांत वैशाखात फटी पडतात. सुती दोर उलटा वागतो: दमट हवेत तो आखडतो. उन्हाळ्यात ताणून बांधलेले दोर पावसाळ्यात बारीक काठ्या वाकवतात, क्वचित मोडतातही. म्हणून फळ्या आणि दोर दोन्ही दिवाळीनंतर, हवा मध्यम असताना करावेत, आणि पट्ट्या आधी पंधरवडाभर त्याच खोलीत ठेवाव्यात. दोर मेणातून ओढून घ्यावा, म्हणजे लव बसते आणि ओल कमी शिरते.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणारे दोर, म्हणजे श्राउड, काळे. कारण खऱ्या जहाजावर त्यांना डांबर असे. शीड ओढायचे दोर भुरे. श्राउडवर चढायच्या पायऱ्या सुमारे तेरा ते पंधरा इंचांवर असत, म्हणजे १:६४ ला पाच-सहा मिलिमीटर. खालून वर सलग बांधत गेलं तर प्रत्येक गाठ श्राउडना किंचित आत ओढते आणि मधोमध कंबर पडते. ती नंतर निघत नाही, सगळं कापावं लागतं. त्यासाठी श्राउडच्या मागे रेघा मारलेला पुठ्ठा लावून आधी दर चार-पाच पायऱ्यांनी एक बांधून घ्यावी, बाहेरच्या दोन्ही दोरांना पातळ काठीचा आधार द्यावा, आणि मगच मधल्या भराव्यात.